पळसाचा दोना, खारं पाणी

थंडी पडायला लागली म्हणून माळ्यावरून स्वेटरची बॅग काढली. तळाशी हात गेला तर काहीतरी कुरकुरलं. झुरळ असेल म्हणून मी हात झटकन मागे घेतला, आणि मग बॅगच उलटी केली. आधी वाळू पडली, बारीक, पांढरट, आमच्या वैनगंगेच्या वाळूहून वेगळी. तिच्या मागून पळसाच्या पानांचा एक दोना. वाळून तांबूस झालेला, कडा वळलेल्या, कडुनिंबाच्या काड्यांचे टाके मात्र पक्के. आत फुलवात होती तशीच, न पेटलेली. नाकाशी धरला तर जुन्या तुपाचा खवट वास आला, आणि त्याच्या खालून अगदी पुसट समुद्राचा.

पलीकडच्या खोलीत माय तांदूळ निवडत बसली होती. आता ती डोळ्यांनी कमी आणि बोटांनी जास्त निवडते. खडा सापडला की ताटाच्या काठावर टक् करून वाजतो. मी तिला हाक मारली नाही. स्वेटरं तशीच पसरलेली ठेवून, दोना मांडीवर घेऊन फरशीवर बसून राहिले.

मायच्या डोळ्यांत काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणाले होते, गेलं ते परत येत नाही, आहे ते सांभाळायचं. एक डोळा गेल्यातच जमा आणि दुसऱ्याने फुंकणीतून पाहावं एवढं दिसतं, तेही चांगल्या उजेडात. गेल्या कार्तिकात मी तिला समुद्रावर घेऊन गेले होते, रात्रीच्या होडीतून, चमकणाऱ्या पाण्यात पोहायला. आहे ती नजर आहे तोवर मायने ते पाणी पाहावं, एवढीच माझी हौस होती. ती पाण्यात उतरली, पोहली, बाहेर आली. तिला ते दिसलं की नाही, हे मात्र मी अजून विचारलेलं नाही. हिंमत होत नाही, दुसरं काय.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, शहापूरच्या पुढे, हायवे सोडून आत. वारा तिकडून असला की रात्री ट्रकांचा आवाज यायचा. गावाच्या वरच्या अंगाला तलाव, तलावाच्या खाली बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, बांध्यांत धान. झालं, एवढंच गाव. मी शाळेत जायला लागले तेव्हा जिल्हा नुकताच तुटला होता. वर्गातला नकाशा जुनाच होता, त्यावर गुरुजींनी खडूने रेघ मारून गोंदिया वेगळं केलं होतं, आणि दर पावसाळ्यात भिंतीला ओल आली की ती रेघ पुसली जायची. मायचं माहेर त्या रेघेपलीकडे गेलं. बाबा तिला चिडवायचे, "तू तं आता परजिल्ह्यातली झाली बाप्पा. तुले इथं राशन कोण देईन?" माय म्हणायची, "पोहाले मी त्याच जिल्ह्यात शिकली. तुमच्या जिल्ह्यात कोणाले येते?" बाबांना पोहता येत नव्हतं. विषय तिथंच संपायचा.

कोजागिरी झाली की दुसऱ्या पहाटेपासून कार्तिकाचं न्हाणं सुरू व्हायचं, ते थेट त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत. आदल्या संध्याकाळी माय चुलीपुढे बसून दोने शिवायची. पानं शेतावरच्या पळसाची, काड्या अंगणातल्या निंबाच्या. काड्या दातांत धरलेल्या असायच्या, त्यामुळे तेवढा वेळ तिच्याशी बोलायची सोय नव्हती. नुसती हूं हूं करायची. मी वाती वळायचे. माझ्या वाती तिला कधी पसंत पडल्या नाहीत. दातांतली शेवटची काडी निघाली की पहिलं वाक्य ठरलेलं, "हे वात व्हय का शेवई?"

पहाटे ती माझ्या अंगावरची वाकळ ओढायची. "ऊठ वो पोरी, सूर्य निंगाले आला." सूर्याचा कुठे पत्ता नसायचा. मी झोपेतच तिच्या पदराला धरून चालायचे. पायाखालची धूळ दवाने गार झालेली. दोन्ही बाजूंना धान पिकून उभं, आणि पिकल्या धानाचा तो वास, ओलसर, किंचित गोड, भाताच्या पेजेला येतो तसा. कोणीतरी तणस पेटवलेली असायची, तिचा धूर खाली खाली सरकत यायचा. पुढे-मागे बायकांच्या बांगड्या वाजायच्या, पण बोलायचं कोणी नाही. तोंडं तलावापाशी पोचल्यावरच उघडायची.

त्या वेळेला तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, पुरुष फिरकायचा नाही हा गावचा कायदा. कोणी लिहिलेला नव्हता, पण एखाद्याचा बैल सुटला तरी तो उजाडल्यावरच शोधायला निघायचा. दिवसा ज्या बाया डोक्यावरचा पदर ढळू न देता, मान खाली घालून विहिरीवर जायच्या, त्याच या अंधारात काष्टा खोचून धपाधप पाण्यात उड्या टाकायच्या. शिव्या द्यायच्या, एकमेकींना बुडवायच्या, सासूच्या नकला करायच्या. सासू तिथंच पाण्यात असली तरी करायच्या. आणि सासूही हसायची.

आधी न्हाणं, मग दिवे. प्रत्येकीने आपला दोना पाण्यावर ठेवायचा, वात पेटवायची आणि त्याच्या मागे पोहत जायचं, हाताने हळूहळू पाणी पुढे लोटत. तलावाच्या मध्यावर मासे धरणाऱ्या ढिवरांनी शिंगाड्याच्या वेलांभोवती बांबू रोवलेले असायचे. तिथपर्यंत जिचा दिवा न विझता गेला तिचं वर्ष चांगलं. दिवाळीच्या अंगाला पहाट अगदी काळी असायची. पाण्यावर तेवढे दिवे, आणि प्रत्येक दिव्याखाली त्याचाच दुसरा दिवा, हलणारा.

मी पायरीवर. सगळ्यांची कोरडी पातळं सांभाळायचं काम माझ्याकडे होतं, आणि ते फार मानाचं काम आहे असं मला सांगण्यात आलं होतं. बाया दूर गेल्या की दिसायच्याच नाहीत. नुसते दिवे जाताना दिसायचे. मला भीती वाटायची की दिवा राहील आणि माय बुडेल. हे मी तिला कधी बोलले नाही, पण तिला कळत असावं, कारण पोहता पोहता ती मध्येच ओरडायची, "हाय वो, हाय!" थोडा वेळ गेला की मी हळूच विचारायचे, "माय?" आणि पाण्यावरून यायचं, "हाय वो." मग मला जरा धीर यायचा आणि मी पातळांच्या ढिगात पाय खुपसून बसायचे.

ती बाहेर यायची तेव्हा तिचे दात वाजत असायचे. केस पिळत ती माझ्यापुढे उभी राहायची, अंगाला तलावाचा वास, चिखल आणि शिंगाड्याच्या पाल्याचा, आणि विचारायची, "सांग मंग. माहा दिवा कोणता व्हता?" मला कुठे कळायला! सगळे दोने सारखे, सगळ्या ज्योती सारख्या. मी आपली सगळ्यात दूर गेलेल्या दिव्याकडे बोट दाखवायचे. माझ्या मायचा दिवा मागे राहील कसा? "तो. सगळ्यात दूर गेला तो."

"बरोबर," माय म्हणायची.

एकदाही ती चूक म्हणाली नाही. घरी आलो की गोरसीत निखारे फुललेले असायचे, त्या मातीच्या शेगडीवर हात धरून आम्ही दोघी उकडलेले शिंगाडे खायचो. सालीचा काळा रंग बोटांना लागायचा तो शाळेत दुपारपर्यंत जात नसे. बाबा अंथरुणातूनच विचारायचे, "पोचला का दिवा?" मीच उत्तर द्यायचे, "माहा मायचाच सगळ्यात पुढं होता." ते "वा" म्हणून कुशीवर वळायचे.

हे किती तरी वर्षं चाललं. मग एकदा मंडईला कौसल्याकाकूने ते फोडलं. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते, घरं पाहुण्यांनी भरून जातात, रात्री नाटक असतं. काकू आमच्या शेजारची, मायची न्हाण्याची जोडीदारीण. ओसरीवर पाय पसरून पान खात बसली होती. मी काहीतरी बढाई मारली असेन मायच्या दिव्याची. काकूला ठसकाच लागला. "तुह्या मायचा दिवा? तो तं सगळ्यात पयले विझे वो! असे हातपाय आपटे थे, का आमचेबी दिवे इझवे. आम्ही तिले मागं ठेवत होतो."

मी चुलीपाशी गेले. माय वडे तळत होती. तिने ऐकलेलं होतंच. तोंड वर न करता म्हणाली, "मी पोहाले जाऊ. दिवा राखाले नाई."

"मंग बरोबर काहून म्हणे तू?"

"तू दाखवला का तो माहाच," माय म्हणाली, आणि झाऱ्याने वडा उलटवला.

मला तेव्हा रागच आला होता. आता हसू येतं. एवढी पट्टीची पोहणारी बाई, आणि तिला एक दिवा राखता येत नव्हता.

पाण्याच्या आठवणी काढायला बसलं की बाकीचे महिनेही मागे मागे येतात. चैत्रात पारीखालच्या मोहाची फुलं रात्रभर टपटपायची आणि सकाळी सगळ्या तलावाला एक नशिला, आंबूस वास असायचा. पाणी उतरलेलं असायचं, काठाचा गाळ भेगाळायचा. त्या उथळ पाण्यात माय मला पोहायला शिकवायची. पाणी भरायचा पितळेचा गुंड उपडा करून पाण्यात धरायचा, त्यावर पोट टेकायचं आणि पाय मारायचे. गुंडात कोंडलेली हवा मध्येच बुड् करून निसटायची, मी किंचाळायचे. पितळेचा तो थंड वास अजून नाकात आहे. मी शिकले ती गुंडापुरती. गुंड काढून घेतला की मी दगड. माय म्हणायची, "बापावर गेली."

आणि जेठात, पाऊस यायच्या आधीच्या त्या गच्च रात्री, पारीवरच्या करंजांत जुगनू यायचे. झाडंच्या झाडं लुकलुकायची आणि तेच खाली तलावात लुकलुकायचं. आम्ही खाटा अंगणात टाकून झोपायचो, तिथून दिसायचं. कार्तिकातले बुडालेले दिवेच हे, अशी माझी समजूत होती. कोणी खोडून काढली नाही, म्हणून मी ती बरीच मोठी होईपर्यंत बाळगली.

मग ते न्हाणं संपलं. एका दिवसात संपलं नाही, त्यामुळे कधी संपलं ते सांगता येत नाही. घरोघरी नळ आले, न्हाणीघरं आली, ते तर होतंच. पण मला विचाराल तर ते संपवलं लाईटच्या खांबांनी. पारीवर खांब रोवले, त्यांवर पांढरे दिवे लागले, सगळं गाव खूश झालं. माय पहिल्या पहाटे गेली आणि तशीच कोरडी परत आली. "कोठं न्हातं बाप्पा तिथं," ती म्हणाली. "हायवेवर न्हाल्यावाणी वाटते." उजेड आला आणि बायांचं पोहणं बंद झालं. नंतर तलावात जलकुंभी माजली, काठाला बेशरमाची झुडपं उभी राहिली. कौसल्याकाकू गेली. बाबा गेल्यावर मी मायला भंडाऱ्याला माझ्याकडे आणलं. इथे ती बाथरूममध्ये बादलीपुढे बसते तेव्हा आतून तांब्याचा आवाज येतो, आणि मला उगाच वाईट वाटत राहतं.

तो व्हिडिओ मी मोबाईलवर पाहिला होता. रात्रीची खाडी, कोणीतरी पाण्यात हात फिरवतंय आणि हातामागून निळा उजेड निघतोय. पाण्यात अगदी बारीक जीव असतात म्हणे, हलवलं की चमकतात. कोकणात होड्या घेऊन जातात, पोहूही देतात. मी मायला सांगितलं, "पाण्यात दिवे लागल्यावाणी दिसते वो."

"कोणाचे?"

"कोणाचेच नाई. पाण्याचेच."

मायने तोंड माझ्याकडे वळवलं. मग म्हणाली, "अंधारात?"

"अंधारातच."

"मंग जाऊ," माय म्हणाली. गुडघे दुखतात, गाडीत झोप येत नाही, परक्या घरचं पाणी बाधतं, यातलं काही म्हणाली नाही. मी तर उडालेच.

चंद्र लवकर मावळतो असे दिवस पाहून निघालो. गाडीतून अख्खा देश ओलांडल्यासारखं वाटलं. मायने आपली पिशवी कोणाला हातात घेऊ दिली नाही. आत काय आहे ते मला होडीत बसेपर्यंत कळलं नाही. आणि डॉक्टर बजावत आले होते की अंधुक उजेड तिला सगळ्यात आधी दिसेनासा होईल, ते माझ्या डोक्यात तोवर आलंच नाही. पाणी चमकतं, माय पोहते, यापुढे माझी अक्कल गेलीच नव्हती.

होडीवाला पन्नाशीचा, मोजकं बोलणारा. मायचा हात धरून त्याने तिला फळीवर बसवलं. "खंयसून इलात?"

"भंडाऱ्याहून."

"ता खंय इला?"

"नागपूरच्याबी पल्याड," माय म्हणाली. त्याने मान हलवली, म्हणजे नागपूरही त्याला फारसं जवळचं नसावं. मायला मी माझा सलवार-कुर्ता घातला होता, आयुष्यात पहिल्यांदा. त्यावर त्याने नारंगी जाकीट चढवलं, पट्टे आवळले. माय मला म्हणाली, "झूल घालून राहिला मले. पोळा हाय का आज?" होडीत पुण्याचं एक जोडपं होतं, त्यांनाही हसू आलं. धक्क्यावरचे दिवे मागे गेले, खाडी वळली आणि अंधार झाला. मायने माझं कोपर घट्ट धरलं होतं.

मग त्याने मोटर बंद केली. होडीच्या पोटावर पाणी थपक थपक आपटायला लागलं, अगदी आमच्या तलावाच्या पायरीवर आपटायचं तसं. "आता हात घाला पाण्यात," तो म्हणाला. जोडप्याने घातला आणि दोघंही एकदम बोलायची थांबली. मी घातला. बोटांच्या मागून निळसर उजेड निघाला. हात थांबवला की विझला, हलवला की परत. मला काय करू आणि काय नको झालं. मी मायचं मनगट धरून तिचा हात पाण्यात घातला आणि फिरवला. तिच्या बांगड्यांभोवती उजेड फुटला, एकेक बांगडी दिसली.

"दिसलं का वो?"

माय पाहत होती, पण हात होता तिथे नाही, थोडं पलीकडे. "कोमट हाय पाणी," ती म्हणाली. "आपल्या तलावापरीस कोमट हाय."

मी पुन्हा विचारलं नाही.

तेवढ्यात पिशवीत कुरकुर झाली. माय दोना काढत होती. तूप घातलेली वात, कागदात गुंडाळलेली काडेपेटी, सगळं भंडाऱ्याहून आणलेलं. पाण्यात दिवे लागतात म्हटल्यावर तिने आपल्या परीने समजून घेतलं होतं की तिकडच्या बायाही कार्तिक न्हातात, मग आपण रिकाम्या हाताने कसं जायचं. तिने काडी ओढायला घेतली तसा होडीवाला पुढे झाला. "ओ मावशे, काडी ओढू नको. उजेड केलास तर पाणी दिसूचा नाय."

"कार्तिक हाय बाप्पा."

"असांदे. हंय काळोखच व्हयो."

माय थांबली. मला वाटलं आता भांडेल. ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "पाह्य. इथंबी उजेड आला का खेळ खतम." काडेपेटी तिने परत कागदात गुंडाळली. दोना माझ्या हातात दिला. "धर. सांभाळ." लहानपणी पातळं सोपवायची त्याच आवाजात.

होडीवाल्याने जाकिटाला दोरी बांधली आणि विचारलं, "पोहूक येता मा?" उत्तर द्यायला माय होडीत होतीच कुठे! शिडीवरून ती पाण्यात गेलीसुद्धा. जराही आवाज झाला नाही. क्षणभर ती तशीच तरंगत राहिली आणि अंधारात मला ती दिसेनाशी झाली. मग तिने हातपाय मारले.

तेच तिचं आपटणं. ज्याने तलावातले दिवे विझायचे तेच. इथे प्रत्येक आपटण्याने पाणी पेटत होतं. तिचे हात खांद्यांपर्यंत उजळले, मागे पाय, पायांमागे एक लांब पट्टा. केस सुटले तर केसांतूनही उजेड गळायला लागला. पासष्टीची माझी माय, घरात भिंत धरून चालणारी, काळ्या पाण्यात ती सरळ, न अडखळता पुढे पुढे जात होती आणि जाईल तिथे उजेड होत होता. पुण्याच्या बाईने मोबाईल काढलेला तसाच खाली ठेवला. होडीवाला दोरी सोडत होता, तोही काही बोलत नव्हता. मला आनंद झाला होता, फार झाला होता, आणि त्याच वेळी मी रडत होते, कारण होडीतल्या सगळ्यांना ते दिसत होतं आणि तिलाच दिसत होतं की नाही ते मला कळत नव्हतं.

दोरी संपत आली. माय थांबली, तसा तिच्याभोवतीचा उजेडही विझला. नुसतं काळं पाणी उरलं. त्यातून आवाज आला, "पोरी?"

होडी कोणत्या बाजूला आहे ते तिला समजत नव्हतं.

"हाय वो माय, हाय!" मी ओरडले.

पाणी परत उजळलं, आमच्या दिशेने. मी ओरडत राहिले, हाय वो, हाय, आणि ती आवाजाच्या धाग्याने येत राहिली, शिडीला तिचा हात लागेपर्यंत. वर आली तेव्हा दात वाजत होते. मी तिला चादरीत गुंडाळलं. ती केस पिळायला लागली आणि मी वाट पाहत होते की ती आता विचारेल. ती एवढंच म्हणाली, "झालं माहं कार्तिक न्हाणं." परतताना माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपून गेली. दोना माझ्या मांडीवर होता. मीही विचारलं नाही. गाडीत नाही, घरी आल्यावर नाही. त्यानंतर उन्हाळा गेला, रोवण्या झाल्या, धान कापायला आलं, तरी नाही.

आज तो दोना घेऊन मी उठले. मायच्या खोलीत गेले आणि तिच्या हातात ठेवला. तिने ताट बाजूला केलं, बोटांनी कडा चाचपल्या, टाके चाचपले. "हा तं माह्याच हातचा हाय. कोठं होता?"

"बॅगेत राहिला होता. मागच्या सालचा."

"वात कोरीच हाय."

"त्याने लावू कुठं दिली?"

"व्हय," माय म्हणाली आणि हसली.

मी तिच्यापुढे बसले. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. "माय, तुले दिसलं होतं का? त्या पाण्यातलं?"

"नाई वो."

"काहीच नाई?"

"काहीच नाई. काळं पाणी, आन तुहा आवाज."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"सांगून का करू? तू एवढ्या दूर घेऊन गेलती." तिने दोना ताटात तांदळावर ठेवला, सरळ केला. "आन होडीतले लोक कसे चूप झाले, ते आयकलं ना मी. तवाच समजलं का लोकाईले काहीतरी दिसून राहिलं म्हणून. तुले विचारीन म्हणलं लगेच. पण तू रडून राहिली होती. म्हणलं, जाऊ दे, मंग विचारू."

मी आताही रडत होते. ते तिला दिसलं नसेल, पण तिने हात लांब करून माझा गाल पुसला. हाताला तांदळाची भुकटी होती.

"सांग मंग," माय म्हणाली. "माहा दिवा कोणता व्हता?"

मी सांगायला लागले. खांद्यापर्यंत उजळलेले हात सांगितले. बांगड्या सांगितल्या. केसांतून गळणारा उजेड सांगितला, पायांमागचा लांब पट्टा सांगितला, तिच्या आपटण्याने पाणी कसं पेटत होतं ते सांगितलं. माय तोंड थोडं वर करून ऐकत होती, कुठेही न अडवता. शिंगाड्याच्या बांबूंच्याही पुढे, मी म्हणाले. बाकी कोणाचा तिथवर पोचलाच नाही. सगळ्यात दूर गेला तो.

"बरोबर," माय म्हणाली, आणि ताटातला एक खडा शोधून काठावर ठेवला.